आर्तवाणी आणि ईश्वरी करुणा : प्रस्तावना

ईयोबाच्या पुस्तकाच्या आरंभी असे वर्णन आहे की, संतती, संपत्ती आणि आरोग्य ही तिन्ही गमावून, सर्वांग गळवांनी भरलेल्या अवस्थेत राखेत बसलेल्या त्या सत्पुरुषाचे सांत्वन करण्यासाठी अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र आपापल्या मुलखातून निघून येतात, त्याची दशा पाहून मोठ्याने रडतात, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहतात. पुढे ते बोलू लागतात, आणि ज्या क्षणी ते बोलू लागतात त्या क्षणापासून त्यांचे सांत्वन बिघडत जाते. देव न्यायी आहे, म्हणून दुःख भोगणारा अपराधी असलाच पाहिजे, हे त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष दिसते. ईयोब मात्र ते मान्य करीत नाही, आपली कैफियत थेट देवापुढे मांडण्याचा हट्ट सोडीत नाही, आणि कित्येकदा अशा शब्दांत बोलतो की, ऐकणाऱ्या धार्मिक मनुष्याने कानांवर हात ठेवावेत. ग्रंथाच्या अखेरीस निवाडा होतो तो असा की, देवाची वकिली करणारे ते तिघे मित्र दोषी ठरतात आणि देवाविरुद्ध फिर्याद घेऊन उभा राहिलेला ईयोब यथार्थ बोलला असे खुद्द देव सांगतो.

दुःखी मनुष्याला ईश्वराच्या करुणेचा आधार मिळतो असे आपण सहज बोलून जातो. पण तो कसा मिळतो, कोणत्या वाटेने मिळतो, आणि मिळण्यापूर्वी मनुष्याला काय काय बोलून टाकावे लागते, याचा विचार आपल्या प्रवचनांत आणि सांत्वनपर पत्रांत फारसा आढळत नाही. पुढील पृष्ठांत पवित्र शास्त्रातील काही उताऱ्यांवरील चिंतने आणि मराठी ख्रिस्ती कवींच्या रचनांचा परिचय एकमेकांशेजारी ठेवला आहे तो याच विचारासाठी. माझे म्हणणे थोडक्यात असे की, शास्त्रातील सांत्वन हे आक्रोशाला टाळून येत नाही, आक्रोशाच्या मार्गानेच येते. आणि आर्ताने देवाला हाक मारण्याची जी परंपरा मराठीत ज्ञानदेव-नामदेवांपासून चालत आली, तिच्यामुळे हे सांत्वन मराठी ख्रिस्ती कवितेत विशेष सहजतेने उतरले.

प्रथम स्तोत्रसंहितेकडे वळू. दीडशे स्तोत्रांच्या या संग्रहात स्तुतीची स्तोत्रे आहेत, उपकारस्मरणाची आहेत, राजाच्या अभिषेकाची आणि यात्रेकरूंची आहेत. परंतु विलापाची आणि तक्रारीची स्तोत्रे संख्येने सर्वांत अधिक भरतील. किती काळ, असा प्रश्न त्यांत पुनःपुन्हा येतो. बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस आशेकडे वळतात, आणि ते वळण इतके आकस्मिक असते की, दोन चरणांच्या मध्यंतरी कवीला काय घडले असेल याचे कुतूहल पंडितांना शतकानुशतके वाटत आले आहे. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळतच नाही. रोगाने जर्जर झालेला, आप्तेष्टांनी टाकलेला त्याचा कर्ता रात्रंदिवस देवाला हाक मारतो, आणि त्याचे गीत अंधाराच्या उल्लेखावर संपते. उत्तर येत नाही, पहाटही होत नाही. हे स्तोत्र ज्यांनी संग्रहातून गाळले नाही, त्या प्राचीन संकलकांच्या धैर्याबद्दल आणि दयाबुद्धीबद्दल मला अपार आदर वाटतो. ज्याच्या दुःखाला अद्याप वळण लागलेले नाही, अशा मनुष्यासाठीही देवाच्या मंदिरात एक जागा राखून ठेवलेली आहे, एवढे त्या एका स्तोत्राच्या अस्तित्वाने सिद्ध होते. आणि कित्येक आर्तांना तेवढाच आधार पुरेसा झालेला आहे.

याच्या जवळ एकशे तिसावे स्तोत्र ठेवून पाहावे. अवघी आठ वचने. यरुशलेमेच्या यात्रेला चढून जाताना म्हणावयाच्या गीतांपैकी हे एक. कवी खोल गर्तेतून हाक मारतो, आणि मग एक असा विचार मांडतो ज्याच्यावर करुणेची सारी इमारत उभी आहे: परमेश्वराने जर अपराधांचे दफ्तर काटेकोर ठेवले, तर त्याच्यासमोर टिकणारा कोण? परंतु त्याच्याजवळ क्षमा आहे, आणि त्या क्षमेमुळेच, शिक्षेच्या धाकाने नव्हे, मनुष्य त्याचे भय धरतो. हा क्रम विलक्षण आहे. दरबारात ज्याला माफी मिळते तो सहसा निर्धास्त होतो. येथे माफी मिळालेला मनुष्य अधिक नम्र होतो, आणि पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याहूनही अधिक आतुरतेने परमेश्वराची वाट पाहू लागतो.

विलापगीत या पुस्तकाची रचना तर विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले, लोकांना पाडाव करून नेले. त्या भग्न नगरीवर रचलेली ही पाच गीते. इब्री वर्णमालेत बावीस अक्षरे, आणि पहिल्या चार गीतांतील कडवी त्या अक्षरांच्या अनुक्रमाने चालतात. तिसऱ्या गीतात तर प्रत्येक अक्षराला तीन वचने याप्रमाणे सहासष्ट वचने होतात. उपासमारीने मेलेल्या मुलांचे, रस्त्यांत पडलेल्या प्रेतांचे वर्णन करावयाचे, आणि ते वर्णमालेच्या शिस्तीत बसवावयाचे, हे आधुनिक वाचकाला प्रथमदर्शनी कृत्रिम वाटते. मला मात्र वाटते की, ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे अशा कवीला पाऊल ठेवण्यासाठी त्या अक्षरांचाच आधार असावा. आणि या तिसऱ्या गीताच्या मध्याजवळ, म्हणजे संपूर्ण पुस्तकाच्याही मध्याजवळ, परमेश्वराची दया सरली नाही, ती दररोज प्रातःकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन येते. सुभाषितसंग्रहात ते एकटे छापले जाते, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत झळकते; परंतु त्याच्या पुढेमागे दोन्ही अंगांना जो धूर आणि जी राख आहे ती वगळली म्हणजे त्याचे मोल निम्म्याहून कमी होते. पुस्तक तेथे संपत नाही. विलाप पुन्हा सुरू होतो, आणि शेवटच्या वचनात, देवाने आपल्याला कायमचे टाकले तर नसेल ना, ही शंका उरते; म्हणूनच यहूदी उपासनेत ते वाचून झाल्यावर त्याच्या आधीचे, परत आणण्याची विनवणी करणारे वचन पुन्हा एकदा म्हणण्याचा प्रघात आहे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत आर्त मनुष्य अन्याय सोसणारा होता. परंतु ज्याने स्वतःच अन्याय केला आहे त्याच्या सांत्वनाचे काय? हा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि शास्त्र त्याला बगल देत नाही. दावीद राजाने उरीया हित्ती या आपल्या निष्ठावान शिपायाची बायको बथशेबा हिला राजवाड्यात आणविले, आणि पाप झाकण्यासाठी उरीयाला लढाईच्या तोंडावर उभे करण्याचा लेखी हुकूम खुद्द उरीयाच्याच हाती देऊन पाठविला. शिपाई मेला, राजाने विधवेशी विवाह केला, प्रकरण मिटले. त्यानंतर नाथान संदेष्टा दरबारात येतो, आणि आरोपपत्र वाचण्याऐवजी एक गोष्ट सांगतो: एका श्रीमंताकडे गुराढोरांचे कळप होते, एका गरिबाकडे एकच लहानशी मेंढी, जी त्याच्या ताटात जेवे आणि त्याच्या उराशी निजे, पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने त्या गरिबाची मेंढी मारली. राजा संतापतो, त्या श्रीमंताला देहान्त शिक्षा फर्मावतो, आणि मग नाथान त्याला सांगतो की तो मनुष्य तूच आहेस. शास्त्रात काव्याचे सामर्थ्य दाखविणारा याहून मोठा प्रसंग मला ठाऊक नाही. जे सत्य सरळ सांगितले असते तर राजाने कदाचित सांगणाऱ्याचे मस्तक उडविले असते, तेच कथेच्या रूपाने त्याच्या अंतःकरणात शिरले, आणि त्याच्याच तोंडून त्याचा निकाल वदवून गेले.

एकावन्नावे स्तोत्र परंपरेने याच प्रसंगाशी जोडले गेले आहे. पश्चात्तापाच्या वाङ्मयात त्याला तोड नाही. तरी एक शंका सुज्ञ वाचकांनी वेळोवेळी काढली आहे, आणि ती रास्त आहे. कवी म्हणतो की, मी केवळ देवाविरुद्ध पाप केले. मग उरीया कोठे गेला? क्षमेने राजाचे अंतःकरण निर्मळ झाले असेल, पण मेलेला शिपाई परत आला नाही. बथशेबेचे ते पहिले मूलही सातव्या दिवशी दगावले. ईश्वरी करुणा म्हणजे घडलेले कृत्य पुसून टाकणारी सोय, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा. आणि त्यानंतर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडावा. ख्रिस्ताची वंशावळ देताना तेथे शलमोनाच्या आईचे, म्हणजे बथशेबेचे, नाव येत नाही. तिला उरीयाची बायको असेच म्हटले आहे. इतक्या शतकांनंतर, तारणाऱ्याच्या कुळाच्या दप्तरात, त्या मारल्या गेलेल्या परदेशी शिपायाचे नाव लिहून ठेवलेले आहे. ज्या करुणेने दावीदाला क्षमा केली तिने उरीयाला विसरू दिले नाही. दया आणि सत्य यांची भेट होते असे पंचाऐंशीव्या स्तोत्रात म्हटले आहे, त्याचा अर्थ मला या एका नावात सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

योनाचे पुस्तक आणि लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला यांविषयी संग्रहात सविस्तर चिंतने आहेत, म्हणून येथे एवढेच नमूद करतो की, दोन्हींचा शेवट प्रश्नावर झाला आहे. निनवे शहरावर देवाने दया केली याचा राग धरून बसलेल्या संदेष्ट्याला देव विचारतो की, एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या या नगराची मी कीव करू नये काय; योनाचे उत्तर लिहिलेले नाही. दाखल्यातील बाप वडील मुलाची समजूत घालण्यासाठी अंगणात येतो. तो मुलगा घरात गेला की नाही हेही लिहिलेले नाही. करुणा पाप्याला जितकी गोड वाटते तितकी हिशेबी सज्जनाला बोचते, हे येशूने पुरते ओळखले होते, आणि आम्हां चर्चमध्ये वाढलेल्या लोकांना तो दुसरा मुलगाच अधिक जवळचा आहे.

आता मराठीकडे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्यांनी येथेच काढली. साष्टी प्रांतात काम करताना तेथील लोकांची भाषा व वाङ्मय त्यांनी आत्मसात केले, आणि 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराचे आणि दुसरे ख्रिस्तचरित्राचे. परक्या देशातून आलेल्या मनुष्याने आपल्या धर्माची परमपवित्र कथा सांगण्यासाठी एकनाथादिकांनी घडविलेला ओवीचा छंद निवडावा आणि मराठी भाषेची थोरवी मनमोकळेपणाने गावी, हे मोठेच औदार्य होय. पुढे 1684 साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरी हस्तलिखितांच्या रूपाने ग्रंथ जिवंत राहिला, आणि 1907 साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली. देवनागरी वाचकांसाठी शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून 1956 साली काढलेल्या आवृत्तीने फार मोठी सोय झाली.

परंतु आर्तवाणीचा खरा मराठी सूर ऐकावयाचा तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या अभंगांत. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या या कवीच्या हाती 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत त्यांनी आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पत्नीने मोजली. घर तुटले, गोत दुरावले, काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. तुकारामाने बांधलेल्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे टिळक सांगत. आणि ‘अभंगांजली’ वाचताना त्याची साक्ष पटते. ख्रिस्ताला ते माउली म्हणतात, गुरु म्हणतात, त्याच्यावर रुसतात. कोणाला हे केवळ वारकरी वळण वाटेल; पण आई आपल्या मुलाचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, हे वचन यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात आहे, आणि एफ्राईमाला हात धरून चालावयास शिकविणारा, त्याला भरविण्यासाठी खाली वाकणारा देव होशेयाच्या अकराव्या अध्यायात आहे. पाश्चात्त्य धर्मोपदेशकांच्या प्रवचनांत क्वचित दिसणारी शास्त्राची ही बाजू पंढरीच्या वाटेवर घडलेल्या कवीला ताबडतोब ओळखू आली, यात त्या वाटेचाही गौरव आहे.

टिळक 9 मे 1919 रोजी वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलेले होते. त्यांच्या पत्नी ज्या लक्ष्मीबाई, त्यांचे शालेय शिक्षण काहीच झाले नव्हते, ज्यांनी धर्मांतराच्या काळात विरहाचे आणि लोकनिंदेचे सारे हलाहल पचविले, त्यांनी ते काव्य हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. फेब्रुवारी 1936 मध्ये त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ 1938 साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंची कीर्ती ‘स्मृतिचित्रां’नी झाली आणि ती सर्वथा उचित आहे, तथापि ज्या ख्रिस्तामुळे आपला संसार एकदा मोडला होता त्याचेच चरित्र ओवीबद्ध करीत एका विधवेने वार्धक्यातील वर्षे वेचली, या घटनेकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंडिता रमाबाईंचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. तरुणपणी दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावलेल्या या विदुषीने 1896 च्या दुष्काळापासून केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो अनाथ मुलींना आश्रय दिला, आणि त्या अल्पशिक्षित मुलींना समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविण्यासाठी उतारवयात इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. एकुलती एक कन्या मनोरमा 1921 साली गेली. रमाबाई त्यानंतर वर्षही जगल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे भाषांतर 1924 साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. शैलीच्या दृष्टीने त्यावर आक्षेप घेता येतील. पण ज्या बाईने स्वतःच्या घरातील प्रत्येक मनुष्य मातीला दिला तिने विलापगीत भाषांतरित करताना काय सोसले असेल, याचे स्मरण ठेवून ते वाचावे.

आमच्या उपासनागीतांचे सगळेच धन या तोलाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजी चालींवर बसविलेली अनेक भाषांतरित गीते मराठीच्या ऱ्हस्वदीर्घांना पिळून काढतात, आणि त्यांतील सांत्वन ओठांवरच राहते. नगर भागातील खेड्यांत, जेथे पुस्तक वाचू शकणारा मनुष्य विरळा होता, तेथे टिकली ती कृष्णराव सांगळे आणि टिळक यांची पदे व कीर्तने: टाळ-मृदंगावर म्हणता येणारी, एकदा ऐकली की कंठस्थ होणारी. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, दुष्काळ आणि प्लेग पाहिलेल्या स्त्रीपुरुषांनी ती पिढ्यान्‌पिढ्या गाइली. मंडळ्यांच्या भजनवह्यांत कर्त्याच्या नावावाचून उतरलेली अशी कितीतरी पदे अद्याप छापून निघावयाची आहेत.

वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्या घरात दुःख ताजे आहे त्यांनी या संग्रहाचा आरंभ दाखल्यांपासून करू नये. अठ्ठ्याऐंशीवे आणि एकशे तिसावे स्तोत्र प्रथम घ्यावे, ते मनात न वाचता मोठ्याने म्हणावे, आणि नंतर टिळकांच्या अभंगांकडे यावे. शेजारच्याच्या सांत्वनासाठी ज्यांनी हे पुस्तक हाती घेतले असेल त्यांनी ते त्याला वाचून दाखविण्याची घाई न करता आधी काही वेळ त्याच्याजवळ बसावे. आणि ज्यांच्या मंडळीत वा घरात जुन्या भजनवह्या असतील त्यांनी त्या जपून ठेवाव्यात व कोणा जाणकाराकडून उतरवून घ्याव्यात. कागद फार दिवस टिकत नाही.